जुना खोकला आणि फुप्फुसाचा कॅन्सर



वाशिमहून पुसदकडे जाणाऱ्या रस्त्यावर अनसिंग नावाचे गाव आहे. माझे आजोळ तिथले. माझे मामा कास्तकार होते आणि दिवसाला एक कट्टा विडी ओढीत. गावात त्यांना खोकल्यावरून ओळखत. संध्याकाळी अंधारात गल्लीच्या तोंडाशी कुणी दोनदा खाकरले, की मामी तवा चुलीवर ठेवीत. मामा आले हे त्यांना न बघता कळे. वीस-बावीस वर्षांचा तो खोकला. घरातल्या जात्याच्या घरघरीकडे जसे कुणाचे लक्ष जात नाही, तसे त्या खोकल्याकडेही जात नसे.

ही गोष्ट १९९४ सालची. तेव्हा वाशिम जिल्हा व्हायचा होता. अनसिंग अकोला जिल्ह्यात होते. त्या वर्षी पोळा झाला आणि मामांचा खोकला बदलला. आधी तो सकाळी उठल्यावर यायचा, दोन-चार बेडके पडले की छाती मोकळी व्हायची. आता तो रात्री येऊ लागला, कोरडा, ओढून धरल्यासारखा. मामी म्हणाल्या, "दवाखान्यात दाखवून या न जी एकदा." मामा म्हणाले, "बिडीचा खोकला हाय, थंडी आली का जाईन आपोआप." दिवाळीच्या सुट्टीत मी आजोळी गेलो. मी तेव्हा डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षाला होतो. मामांचा आवाज बसला होता. मी हसून विचारले, "मामा, भजनाला बसले होते काय?" मामाही हसले. त्या बसलेल्या आवाजाचा अर्थ माझ्या पुस्तकात छापलेला होता आणि मी तो वाचलेलाही होता. पुस्तकातले अक्षर घरच्या माणसाच्या गळ्यात मला ऐकू आले नाही.

आज मला आपल्याशी जे बोलावयाचे आहे ते त्या खोकल्याविषयी आणि त्या आवाजाविषयी. फुप्फुसाचा कॅन्सर अंगात शिरला असता तो कोणकोणत्या खुणा देतो, आणि त्या खुणा आपण कशा चुकवतो, एवढाच आजचा विषय.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्या. आपल्या छातीत दोन फुप्फुसे आहेत. उजव्याचे तीन भाग, डाव्याचे दोन. वाटोळ्या, मऊ, हवेने भरलेल्या या अवयवाला आतून दुखणे कळत नाही. बोटात बाभळीचा काटा मोडला तर माणूस रात्रभर झोपत नाही. पण फुप्फुसाच्या मधल्या मोकळ्या जागेत लिंबाएवढी गाठ वाढली तरी तोच माणूस वावरात वखर चालवीत राहतो. गाठ श्वासनळीपाशी पोचली म्हणजे खोकला येतो. फुप्फुसावरच्या पातळ आवरणाला किंवा बरगडीला टेकली म्हणजे दुखू लागते. शेजारून जाणाऱ्या मज्जातंतूला दाबले म्हणजे आवाज बसतो. म्हणजे रोगाची पहिली खूण दिसते तेव्हा रोग आधीच काही काळ आत मुक्कामाला असतो. म्हणून खूण दिसल्यावर आपण आणखी चार-सहा महिने घालवले, तर ते फार महाग पडतात.

सर्वात सामान्य खूण म्हणजे खोकला. आता आपण म्हणाल, "डॉक्टर, खोकला कुणाला नसतो? गावात हिवाळ्यात अर्धी शाळा खोकते." अगदी खरे. खोकल्याची शंभर कारणे असतात. सर्दी, दमा, धूळ, आम्लपित्त, रक्तदाबाची काही औषधेसुद्धा. खोकणाऱ्या माणसांत कॅन्सरवाले फार थोडे, आणि माझे बोलणे ऐकून उद्या कुणी भ्यावे अशी माझी मुळीच इच्छा नाही. पण सर्दीचा खोकला आठ-पंधरा दिवसांत उतरणीला लागतो. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला दवाखान्यात दाखवावा, हा नियम सरकारने क्षयरोगासाठी घालून दिला आहे आणि तोच नियम इथेही उपयोगी पडतो.

विडी ओढणाऱ्याची अडचण वेगळी. त्याला खोकला आधीपासूनच असतो, मग दोन आठवडे कुठून मोजायचे? त्याने बदल मोजावा. वेळ बदलली काय? सकाळचा खोकला रात्रीचा झाला काय? पडणारा बेडका बंद होऊन कोरडी ढास सुरू झाली काय, किंवा उलट, कधी नव्हे तो घाण वासाचा बेडका पडू लागला काय? खोकताना छातीत शिटी वाजल्यासारखे, एकाच बाजूला, वाजते काय? हे त्या माणसाला स्वतःला कळेलच असे नाही. घरातल्या बाईला कळते. मामींना कळले होते.

दुसरी खूण रक्ताची. खोकल्यातून रक्त पडणे, मग ती बेडक्यावर केसाएवढी लाल रेघ का असेना. पुष्कळ लोक म्हणतात, उष्णता झाली, घसा सोलला, आणि गुलकंद खाऊन गप्प बसतात. दातातून किंवा घोळणा फुटून आलेले रक्त थुंकीत मिसळू शकते, हे खरे. पोटातून आलेले रक्त ओकारीबरोबर, काळपट, अन्नात मिसळलेले येते. छातीतले रक्त खोकल्याबरोबर येते, लालभडक असते, कधी फेसाळ असते. पण हा निवाडा घरी बसून करण्याच्या भरीस पडू नका. रेघ एकदाच दिसली आणि नंतर महिनाभर दिसली नाही, तरीही दाखवावयाचेच. आणि वाटीभर रक्त पडले तर त्याच घटकेला गाडी करावी, सकाळची वाट पाहू नये.

आता मी त्या जागी येतो जिथे आपल्या भागातले बहुतेक रोगी अडकतात. मामाही तिथेच अडकले. दिवाळीनंतर मामांना शहरातल्या एका डॉक्टरांकडे नेले. त्यांनी छातीचा फोटो काढला, वरच्या बाजूला डाग दिसला, आणि ते म्हणाले, टीबी आहे. गोळ्या सुरू झाल्या. थुंकी तपासली नाही. घरात सगळ्यांना, खरे सांगतो, थोडे हायसेच वाटले. टीबी म्हणजे ओळखीचा रोग. सहा महिने गोळ्या खाल्ल्या की बरा होतो. मामीने अंडी सुरू केली, मामांचे ताट-वाटी वेगळे केले. संक्रांत आली तरी खोकला तसाच. मामांच्या अंगावरचा सदरा मोठा दिसू लागला. शेजारी म्हणाले, टीबीच्या गोळ्या गरम असतात, माणूस वाळतोच. शिमग्याच्या सुमारास सकाळी उठल्यावर त्यांचे तोंड आणि मान सुजलेली दिसू लागली, तेव्हा आम्ही नागपूर गाठले.

त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. आपल्या देशात क्षयरोग पुष्कळ आहे, छातीच्या फोटोवर डाग दिसला तर आधी क्षय आठवावा हे बरोबरच आहे. फोटोत मात्र क्षयाचा डाग आणि कॅन्सरचा डाग कित्येकदा जुळ्या भावांसारखे दिसतात. लक्षणेही तीच: खोकला, रक्त, वजन घटणे, भूक मरणे. फरक करावयाचा कसा? १८८२ साली रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने क्षयाचा जंतू शोधून दाखवला, तेव्हापासून या प्रश्नाला सरळ उत्तर आहे. जंतू दाखवा. आज तर थुंकीतला जंतू, आणि त्यावर मुख्य औषध चालेल की नाही हे, यंत्रावर काही तासांत कळते. सरकारी दवाखान्यात ही तपासणी फुकट होते आणि क्षय निघाला तर औषधही फुकट मिळते.

तेव्हा डाग दाखवून कुणी टीबी म्हटले, तर नम्रपणे पहिला प्रश्न विचारा: "डॉक्टरसाहेब, थुंकीत जंतू सापडले काय?" सापडले असतील तर उत्तम, औषध पूर्ण घ्या. सापडले नसतील आणि तरीही डॉक्टरांनी विचारपूर्वक औषध सुरू केले, असेही होते. काही क्षयरोग्यांच्या थुंकीत जंतू मिळत नाहीत. मग दुसरा प्रश्न एक-दोन महिन्यांनी विचारावयाचा: "औषध चालू आहे, पण फरक नाही. आता पुढची तपासणी कोणती?" क्षयाचे औषध लागू पडले म्हणजे काही आठवड्यांत ताप उतरतो, भूक लागते, वजन चढू लागते. यातले काहीच झाले नाही, उलट माणूस खचतच चालला, तर निदान पुन्हा तपासून पाहिले पाहिजे.

इथे एक गोष्ट मोठ्याने सांगतो, कारण माझ्या बोलण्याचा उलटा अर्थ निघू नये. क्षयाच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. अर्धवट सोडलेला क्षय पुढे औषधांना जुमानत नाही. प्रश्न विचारा, गोळ्या चालू ठेवा. एकाच माणसाला दोन्ही रोग असू शकतात, आणि जुना क्षय होऊन गेलेल्या फुप्फुसात कॅन्सरचा धोका थोडा अधिकच असतो.

बाकीच्या खुणा मी भराभर सांगतो. दम लागणे: शेतातून घरी येताना वाटेत पूर्वी न थांबणारा माणूस आता दोनदा थांबतो. छातीत एका जागी, खोल श्वास घेतला किंवा खोकले की कळ येणे. वारंवार न्यूमोनिया होणे, आणि तोही दर वेळी फुप्फुसाच्या त्याच भागात. याचा अर्थ त्या भागाची वाट काहीतरी अडवून बसले असावे. चेहरा, मान, हात सुजणे आणि गळ्याच्या शिरा फुगणे. ही फार उशिराची आणि तातडीची खूण. हाडे दुखणे, न थांबणारी डोकेदुखी, एकाएकी आकडी येणे. याचा अर्थ रोग छातीबाहेर गेला असण्याचा संभव.

खांद्याचे दुखणे मात्र थोडे थांबून सांगितले पाहिजे. फुप्फुसाच्या अगदी शेंड्याला गाठ झाली तर पुष्कळदा खोकला येत नाही. खांदा दुखतो, कळ दंडाच्या आतल्या बाजूने करंगळीपर्यंत उतरते, कधी त्या बाजूची पापणी खाली येते. असा माणूस महिनोगणती तेलमालीश करीत राहतो, हाडवैद्याकडे जातो, सांधा आखडला म्हणून सुया घेतो. विडी ओढणाऱ्याचा खांदा मालिशीने महिन्याभरात बरा झाला नाही, तर छातीचा फोटो काढायला काय हरकत आहे?

आवाजाचेही तसेच. स्वरयंत्राला जाणारी डावी नस गळ्यातून सरळ वर राहात नाही; ती खाली छातीत उतरते, हृदयाच्या मोठ्या रोहिणीखालून वळसा घालते आणि पुन्हा वर चढते. देवाने हा लांबचा फेरा का ठेवला कोण जाणे, पण त्यामुळे छातीतल्या गाठीची बातमी गळ्यात ऐकू येते. भजन, भांडण किंवा सर्दी यांनी बसलेला आवाज आठ-दहा दिवसांत सुटतो. तीन आठवडे बसून राहिलेला आवाज, विशेषतः तंबाखू ओढणाऱ्याचा, तपासून घ्यावा. शिक्षकांचा आवाज नेहमीच बसतो, हे मला ठाऊक आहे. म्हणून तर त्यांनी अधिक जपावे.

आणि आता बोटे. हे शाळेत करून पाहता येईल. दोन्ही हातांच्या अनामिकांची नखे एकमेकांना पाठीला पाठ लावून टेकवा आणि उजेडासमोर धरा. नखांच्या मुळाशी शंकरपाळ्याच्या आकाराची लहानशी फट दिसेल. ज्याची बोटे टोकाशी फुगून नगाऱ्याच्या टिपरीसारखी झाली आहेत, त्याच्या नखांत ही फट दिसत नाही. दक्षिण आफ्रिकेतील हृदयरोगतज्ज्ञ लिओ शॅमरॉथ यांना हृदयाचे दुखणे झाले असताना स्वतःच्याच बोटांवर हे दिसले आणि १९७६ साली त्यांनी ते लिहून ठेवले. बोटे अशी होण्याची कारणे पुष्कळ आहेत. हृदयाचे जन्मजात दोष, फुप्फुसाचे जुने रोग, आणि काही घराण्यांत तर ती उपजतच तशी असतात. पण पन्नाशीच्या, विडी ओढणाऱ्या माणसाची बोटे वर्षभरात अशी झाली तर छातीचा फोटो लवकर काढावा.

आता कुणाला हा रोग जास्त होतो ते पाहू. बहुतेक रोगी पन्नाशीच्या पुढचे, आणि पुरुषांत बहुतेक धूर ओढणारे. इंग्लंडमध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल या दोघांनी लंडनच्या इस्पितळांत रोग्यांना विचारपूस केली. मोटारींचा धूर किंवा रस्त्यांचे डांबर याचे कारण असेल, असा डॉल यांचा आधी अंदाज होता. १९५० साली त्यांनी हिशेब छापला: फुप्फुसाचा कॅन्सर झालेले ६४९ पुरुष, त्यांत कधीच धूम्रपान न केलेले दोन. डॉल यांनी स्वतः सिगारेट सोडून दिली.

आमच्याकडे लोक म्हणतात, सिगारेट वाईट, बिडी देशी आहे, पानाची आहे, तिच्यात तंबाखू तरी किती असतो? तंबाखू कमी असतो हे खरे. पण तेंदूचे पान नीट जळत नाही, विडी सारखी विझते, म्हणून ती जोराने आणि वरचेवर ओढावी लागते. धुरातले डांबर आणि विषारी वायू सिगारेटपेक्षा कमी भरत नाहीत. खर्रा आणि तंबाखू खाणाऱ्यांना तोंडाच्या कॅन्सरची भीती मोठी; आपल्या गावांत तो रोग फुप्फुसाच्या कॅन्सरपेक्षा अधिक दिसतो, आणि त्यावर वेगळे भाषण व्हायला हवे.

पण ज्यांनी जन्मात विडीला हात लावला नाही अशा माणसांनाही, त्यात बायकांना विशेष, हा रोग होतो. आपल्या देशात अशा रोग्यांचे प्रमाण लहान नाही. कारणे सगळी उलगडलेली नाहीत. चुलीचा धूर हे त्यातले एक असावे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने घरात जाळलेल्या दगडी कोळशाचा धूर कॅन्सरचे कारण म्हणून ठरवला आहे, आणि लाकूडफाट्याचा धूर बहुधा कारण असावा असे म्हटले आहे. आपल्याकडे पऱ्हाट्या, तुऱ्हाट्या आणि गोवऱ्या जळतात. २०१६ पासून उज्ज्वला योजनेत गॅस घरोघर आला, हे चांगले झाले. पण चहा गॅसवर आणि भाकरी चुलीवर, असा कारभार अजून पुष्कळ घरांत आहे, कारण सिलिंडरला पैसे लागतात आणि पऱ्हाटी वावरात फुकट असते. मी त्या बायांना नावे ठेवणार नाही. चूल पेटवायचीच तर ती ओसरीत, उघड्यावर पेटवा. बंद खोलीत पेटवू नका, आणि तान्हे मूल धुरात मांडीवर घेऊन बसू नका. म्हणून एखाद्या बाईचा खोकला महिनाभर हटत नसेल, तर "ती कुठे बिडी ओढते" असे म्हणून तिला मागे ठेवू नका. बायकांचे दुखणे आधीच मागे राहते.

मग करावयाचे काय? प्रथम थुंकी आणि छातीचा फोटो. फोटोत शंका आली तर सीटी स्कॅन. त्यानंतर गाठीचा तुकडा काढून तपासावा लागतो. नाकातोंडातून दुर्बीण घालून, किंवा बाहेरून सुईने. या तुकड्याची आपल्याकडे फार भीती आहे. "तुकडा काढला, हवा लागली, आणि पसरला", असे मी शेकडो वेळा ऐकले आहे. खरे असे की तुकडा काढण्याच्या वेळी रोग पुष्कळदा आधीच पसरलेला असतो, पुढे माणूस जातो, आणि लोक त्या सुईला बोल लावतात. तुकड्याशिवाय रोगाची जात कळत नाही आणि जात कळल्याशिवाय औषध ठरत नाही. आजकाल तर त्या तुकड्यातले दोष तपासून, काही रोग्यांना नुसत्या गोळ्या देता येतात आणि त्या सुईच्या औषधापेक्षा चांगल्या लागू पडतात. मामांच्या वेळी हे नव्हते. गाठ लहान आणि एका जागी असेल तर शस्त्रक्रियेने काढून टाकता येते, आणि रोग बरा होण्याची खरी आशा तिथेच असते.

जावयाचे कुठे? थुंकी आणि फोटो जवळच्या सरकारी दवाखान्यात. वाशिमला २०२४ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, अकोल्याचे २००२ पासून. पुढच्या उपचारासाठी सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय, नागपूरचे मेडिकल आणि राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय; आणि मुंबईला परळचे टाटा रुग्णालय, जे १९४१ पासून या एकाच रोगावर काम करीत आहे. लोक एकदम टाटाला जाऊ म्हणतात, आणि पैसे जमेपर्यंत थांबतात. थांबू नका, जवळ निदान करून घ्या, मग ठरवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ठरलेल्या रुग्णालयांत कॅन्सरचे उपचार होतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड जवळ ठेवा. उपचाराला जाणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णाला रेल्वेच्या भाड्यात सवलत आहे. रुग्णालयाचा दाखला मागून घ्या. वाशिम अकोला-पूर्णा मार्गावर आहे, तेव्हा ती सवलत आपल्या कामाची आहे.

शिक्षक मित्रांनो, आता थोडे तुमच्याशी. सोलापूर जिल्ह्यात बार्शी आहे. तिथल्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाच्या मदतीने १९८७ साली बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांच्या खेड्यांत कॅन्सरच्या रोग्यांची नोंद ठेवण्याचे काम सुरू झाले. खेड्यांसाठी अशी नोंद देशात ती पहिलीच. नोंद करणारी माणसे गावोगाव हिंडत, गावकऱ्यांना गोळा करून कोणत्या खुणा दिसल्या तर दवाखान्यात यावे हे सांगत. काही वर्षांनी हिशेब केला तेव्हा असे दिसले की, गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर झालेल्या बायका पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत दवाखान्यात येऊ लागल्या होत्या. १९९५ साली हे शास्त्रीय मासिकात छापून आले. फुप्फुसाच्या बाबतीत नुसत्या बोलण्याने इतके साधेल, असे मी म्हणणार नाही. तो रोग अधिक लबाड आहे. पण चार महिने उशिरा येणारा माणूस एका महिन्यात येऊ शकतो.

गावात कुणाचा खोकला लांबला आहे, हे शिक्षकांना कळते. पोरगा सांगतो, "आबाले रात्रभर ढास लागते." डॉक्टरांना सांगायच्या गोष्टी म्हाताऱ्याला दवाखान्यात आठवत नाहीत. त्या कागदावर लिहून द्या. खोकला कधीपासून, कसा बदलला. रक्त कधी दिसले. वजन किती होते, किती आहे. विडी किती वर्षे, दिवसाला किती. टीबीच्या गोळ्या घेतल्या असल्यास कोणत्या महिन्यापासून, आणि थुंकीत काय निघाले. अर्ध्या पानाचे काम आहे, आणि डॉक्टरांचा अर्धा तास वाचतो.

विडी सोडण्याविषयी फार बोलत नाही. कारण ओढणाऱ्याला ते सर्वांनी सांगून झालेले असते. एकच हिशेब सांगतो. त्याच डॉल यांनी इंग्लंडमधल्या डॉक्टरांच्या सवयींवर पन्नास वर्षे नजर ठेवली आणि २००४ साली शेवटचा आढावा दिला. साठाव्या वर्षी सिगारेट सोडणाऱ्यांना सरासरीने तीन वर्षे अधिक आयुष्य मिळाले, पन्नाशीत सोडणाऱ्यांना सहा, चाळिशीत सोडणाऱ्यांना नऊ. "आता या वयात सोडून काय करू" असे म्हणणाऱ्या आजोबांना ही तीन वर्षे सांगा. तीन वर्षांत नातवाचे लग्न होऊ शकते. सोडताना चिडचिड होते, झोप उडते. त्यासाठी १८००-११-२३५६ या क्रमांकावर फोन केला तर पैसे न पडता सल्ला मिळतो.

शेवटी मामांच्या फोटोंचे सांगतो. नागपूरला निघताना मामींनी ट्रंकेतून दिवाळीचा फोटो काढला. मी म्हटले, "राहू द्या, तिथे नवा काढतील." मामी म्हणाल्या, "राहू दे बाबू, ओझं थोडंच हाय." नागपूरच्या डॉक्टरांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी उजेडावर लावले. दिवाळीचा डाग सुपारीएवढा होता. शिमग्याचा लिंबाहून मोठा, आणि त्याच्या बाजूला आणखी दोन. ते बराच वेळ बघत राहिले आणि मग मला बाजूला घेऊन म्हणाले, सुपारीएवढा होता तेव्हा कापून काढता आला असता. मामा पुढचा पोळा पाहू शकले नाहीत.

जुना फोटो असला म्हणजे डाग वाढतो आहे की वर्षानुवर्षे तसाच आहे हे डॉक्टरांना लगेच कळते. तसाच असलेला डाग बहुधा जुन्या रोगाचा व्रण असतो, आणि मग पुढच्या तपासण्या आणि खर्च कदाचित टळतो. म्हणून छातीचे फोटो फेकू नका, खिडकीच्या काचेला लावू नका, उन्हात ठेवू नका. पिशवीत सरळ ठेवा आणि मागे तारीख लिहा. दवाखान्यात जाताना जुना फोटो, जुन्या चिठ्ठ्या आणि गोळ्यांची रिकामी पाकिटे, सगळे बरोबर घेऊन जा.